बालविभागाचं कुलूप काढा : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालय, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचा बालविभाग ‘पुढील सूचनेपर्यंत’ बंद करून ती खोली अभ्यासिकेला देण्याचा निर्णय आपण घेतलात. चित्रपुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागलं. आम्हा सभासदांना हे कळलं ते फलकावर चिकटवलेल्या कागदावरून. लहान मुलांच्या रागावरची, रुसव्यावरची, मारामारीवरची जी मोजकी पुस्तकं त्या कपाटात होती, ती तर त्याच्याही आधी एका पालकाच्या तक्रारीवरून बाजूला काढली गेली होती. मी कार्यालयात येऊन बोलले, लेखी अर्ज दिला. त्याला उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचनालयाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, मला ती खोली परत हवी आहे.

मी पूर्व भागातल्या एका बालवाडीत शिकवते. वर्गातली मुलं तीन ते सहा वर्षांची. बहुतेकांच्या आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. घर एका खोलीचं. बाप रात्रपाळी करून आलेला असतो, दिवसा झोपतो, म्हणून पोराला उठल्यापासून ‘हळू बोल, आवाज करू नको’ एवढंच ऐकू येतं. आईच्या मांडीवर सूप असतं, सुपात कापलेला पाला आणि तंबाखू. ठरलेल्या विड्या पुऱ्या झाल्याशिवाय ते सूप मांडीवरून उतरत नाही आणि तोवर मुलाला मांडी मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, वर पत्रा तापलेला. पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस चिडलेलं असतं. मी अशाच घरात वाढले. माझी आईसुद्धा विड्या वळायची. शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदा आलं ते आपल्याच वाचनालयात. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नोकरीपुरता नाही.

या मुलांना राग येतो. कुठल्याही तीन-चार वर्षांच्या मुलाला येतो तसाच येतो. दोन ते चार वर्षांच्या वयात आदळआपट करणं, जमिनीवर लोळणं, चावणं हा आजार नव्हे आणि आईबापांच्या संस्कारांत खोट आहे असंही नव्हे. त्या वयात काय हवं ते कळत असतं, पण नीट सांगता येत नाही. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो, आणि तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. आपण साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘जरा शांत राहता येत नाही का?’ असं विचारतो. खरंच येत नसतं. कुणीतरी मोठं माणूस जवळ शांत बसलं, तर त्याच्या आधाराने मूल शांत होतं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की हळूहळू त्याचं त्याला जमू लागतं.

मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सांगितलं, “आमच्या वेळी कुठे होती असली पुस्तकं? दोन धपाटे दिले की राग पळायचा.” त्यांच्या वयाचा मान ठेवून सांगते, धपाटा बसल्यावर मूल गप्प होतं हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी तेच मूल वर्गात धाकट्या मुलीला धपाटा घालतं. हात कानामागे नेण्याची पद्धत घरची, आणि तोंडातले शब्दही घरचेच. हे मी रोज बघते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला २००९ सालीच बंदी घातली. पण मारायचं नाही एवढं सांगून शिक्षिकेचं किंवा आईचं भागत नाही. मग करायचं काय, हे तिला कुणीतरी हातात द्यावं लागतं. आमच्यासाठी ते काम आपल्या कपाटातली पुस्तकं करत होती.

कसं करत होती ते सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती उघडून पाहिलेली नाहीत, असं बोलण्यातून जाणवलं.

माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. घरी तेलुगू बोलणारा, मराठी नुकतीच कानावर पडू लागलेली. खेळणं कुणी ओढलं की तो चावायचा, आणि चावून झालं की स्वतःच टेबलाखाली जाऊन बसायचा. आपल्या बालविभागातल्या एका पुस्तकात एक पिल्लू रागाने जेवणाचं ताट उलटं करतं. हे पान आलं की तो चित्रावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, “आता अम्मा मारणार.” पुढच्या पानावर पिल्लाची आई जरा अंतर राखून बसलेली आहे. सांडलेलं तसंच आहे, आई काही बोलत नाही. ते पान त्याने मला उलटू दिलं नाही. चित्रात नाक खुपसून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “मारलं नाही?” मी म्हटलं, “नाही.” “मग सांडलेलं कोण भरणार?” तिसऱ्या पानावर दोघं मिळून शितं गोळा करतात. ते बघितल्यावर तो मागे टेकून बसला.

चार वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न किती नेमका आहे बघा. राग आला, ताट उलटलं, आता पुढे काय होतं? त्याच्या अनुभवात पुढे एकच गोष्ट होत होती. दुसरं काहीतरी होऊ शकतं, सांडलेलं भरून घेता येतं आणि आई तरीही जवळच असते, हे त्याला त्या चित्रात पहिल्यांदा दिसलं. ते पुस्तक तो पुन्हा पुन्हा घरी न्यायचा. त्याच्या आईला मराठी वाचता येत नाही. चित्रं बघून ती तेलुगूत गोष्ट सांगायची, आणि तेवढ्यापुरतं सूप खाली ठेवायची. त्याचं चावणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. कमी झालं, आणि चावण्याआधी तो क्षणभर माझ्याकडे बघायला लागला. तो क्षण मिळाला की मला उठून त्याच्यापर्यंत पोचता येतं.

राग शिगेला असताना पुस्तक उघडायचं नसतं. तेव्हा मुलाला काही ऐकू जात नाही, फक्त त्याला आणि दुसऱ्यांना इजा होऊ द्यायची नाही एवढंच काम. पुस्तक वाचायचं ते एरवी, पोट भरलेलं असताना, निवांत. पुस्तकातला राग दुसऱ्या कुणाचा असतो, म्हणून मूल त्याच्याकडे न घाबरता बघू शकतं. ‘तूही असंच करतोस ना?’ असं मोठ्यांनी मध्ये विचारलं की सगळं फिसकटतं, मूल पुस्तक ढकलून देतं. त्यापेक्षा चित्राबद्दल बोलावं. याच्या मुठी बघ कशा झाल्यात. याचे कान का लाल झाले असतील? तुला काय वाटतं, हा आता काय करेल? मूल मग आपणच मुठी आवळून दाखवतं, पोटावर हात ठेवून ‘इथे गरम होतं’ म्हणतं. काही दिवसांनी भांडण सुरू होताना ओरडायच्या जागी ‘बाई, मला राग येतोय’ असं सांगायला येतं. आपल्या मनात काय चाललं आहे ते शब्दांत सांगितलं की मेंदूतली खळबळ उतरते, हे मोठ्या माणसांच्या मेंदूचं चित्रण करून केलेल्या अभ्यासांतही दिसलं आहे. मुलांच्या बाबतीत ते बघायला मला यंत्र लागत नाही.

श्वासाचंही तसंच. ‘दीर्घ श्वास घे’ असं नुसतं सांगितलं तर लहान मूल छाती फुगवून श्वास कोंडून धरतं. श्वास लांब आणि हळू बाहेर सोडला की ठोके उतरतात, म्हणून फुंकर शिकवावी लागते. एका पुस्तकात गरम दुधावर फुंकर घालण्याचं चित्र आहे. आमच्या मुलींनी ते घरच्या शेंगदाण्यांवर नेलं. चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे चोळून झाले की फोलपटं उडवायचं काम आता त्यांचं, आणि दाणे न सांडता फोलपटं उडवायची तर फुंकर लांब आणि हलकीच लागते. वर्गात कुणी चिडलं की एखादी मुलगी त्याच्यासमोर रिकामा तळहात धरते, “फुंक.” हे मी शिकवलेलं नाही.

मोबाइलवर हे का होत नाही, असं मला पालक विचारतात. पडद्यावरचं चित्र मुलासाठी थांबत नाही. पुस्तकाचं पान मूल थांबवू शकतं, मागे नेऊ शकतं, त्यावर हात ठेवू शकतं. आणि पुस्तकाबरोबर एक माणूस येतं. रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल दिला की मोठं माणूस उठून आपल्या कामाला लागतं, आणि मूल आपल्या रागाशी एकटंच राहतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल. बालविभाग बंद करताना आपण पालकांना, बालवाड्यांना, अंगणवाडी सेविकांना, कुणालाही विचारलं नाही. सभासदांच्या सभेत हा विषय आला नाही. वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त आहे, त्याला शासनाचं अनुदान मिळतं. त्या पैशावर साडेतीन वर्षांच्या वाचकाचाही हक्क आहे. त्याला अर्ज करता येत नाही, सभेत हात वर करता येत नाही, म्हणून त्याचा विषय सगळ्यात आधी कापला गेला.

दुसरी, पुस्तकं काढून टाकण्याबद्दल, आणि ही मला सर्वांत जास्त लागली आहे. तक्रार अशी होती की एका पुस्तकातली मुलगी वडिलांना तोंडावर सांगते, “मला तुमचा राग आलाय”, म्हणजे हे पुस्तक उर्मटपणा शिकवतं. ती मुलगी काही फेकत नाही, मारत नाही, शिवी देत नाही. तिला राग आला आहे आणि ती तसं बोलून दाखवते. आम्ही वर्षभर मुलांकडून हेच करून घेण्याचा प्रयत्न करतो! जे मूल हे बोलू शकत नाही ते दुसऱ्या मार्गाने दाखवतं, आणि मोठं झाल्यावर तो मार्ग काय असतो ते आपल्या गल्लीबोळांतून सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पालकांना तक्रार करण्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुस्तक वाचून निर्णय घ्यायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. मी कार्यालयात विचारलं की मंडळापैकी कुणी ते वाचलं का. कुणीच हो म्हणालं नाही.

सगळीच चित्रपुस्तकं चांगली असतात असा माझा दावा नाही. काही मी स्वतः वर्गात घेत नाही. रागावलेल्या मुलाशी कुणी खेळत नाही, मग तो एकटा पडतो, मग माफी मागतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, अशा गोष्टींतून मुलाला एवढंच कळतं की राग आला तर आपण नकोसे होतो. ते मूल राग लपवायला शिकतं. अशी पुस्तकं कमी घ्या, असं मीच सुचवेन. पण निवड करायची तर ती वाचून, मुलांबरोबर काम करणाऱ्यांना विचारून करायला हवी.

तिसरी तक्रार खरेदीबद्दल. ‘पानं चोवीस आणि किंमत एवढी, तेवढ्यात तीनशे पानांची कादंबरी येते’ हे वाक्य मी आपल्या कार्यालयात ऐकलं. चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांचीच असतात. लहान मूल एका बैठकीत तेवढंच ऐकतं, आणि छपाईचे फर्मेही, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानंही, तशीच पडतात. चार रंगांची छपाई आणि जाड कागद, म्हणून किंमत. आणि कादंबरी माणूस एकदा वाचून परत करतो. ही चोवीस पानं एकच मूल पन्नास वेळा वाचून घेतं, आणि पन्नासाव्या वेळी पुस्तकाचा खरा उपयोग होतो. शिवाय स्वस्त पुस्तकं मिळतच नाहीत असंही नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, दोन्ही १९५७ सालच्या संस्था, आजही परवडणाऱ्या किमतीत मुलांची पुस्तकं काढतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ पासून स्टोरीवीव्हर या आपल्या संकेतस्थळावर हजारो चित्रकथा मोफत खुल्या केल्या आहेत. त्या उतरवून घेऊन छापायलाही परवानगी आहे. रंगीत प्रती काढून, लॅमिनेट करून, बांधून द्यायचं काम आम्ही शिक्षिका आणि पालक करू.

चौथी, ‘मुलं पुस्तकं फाडतात’ ही सबब. हो, फाडतात. दोन वर्षांच्या मुलाच्या बोटांना पान उलटायला शिकायचं असतं, त्यात काही पानं जाणारच. कापडी चिकटपट्टीने ती जोडता येतात, आणि फाटलेलं पान जोडताना मुलाला शेजारी बसवलं तर मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते हेही ते शिकतं. पुस्तक कुलपात कोरं राहिलं तर दफ्तरात नोंद चांगली दिसेल, एवढंच.

पाचवी तक्रार भाषेची. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात. इथे या चारही माध्यमांच्या शाळा आहेत. बालविभागात मराठीशिवाय काही नव्हतं. मूल चिडतं, रडतं ते घरच्या भाषेत. त्याला शांत करणारी गोष्टही त्या भाषेत असावी असं वाटणं हा हट्ट नव्हे. चार भाषांतली मिळून एक फळी भरली तरी खूप झालं.

शिवाय मुलामागे वेगळी अनामत घेतली जाते. विड्यांच्या मजुरीवर घर चालवणारी आई दोन मुलांची अनामत भरत नाही, ती पुस्तकच नेत नाही. शनिवारचा गोष्टींचा तासही ‘गोंगाट होतो’ म्हणून थांबवला गेला.

अभ्यासिकेबद्दल नीट बोलायला हवं, कारण मला त्या मुलामुलींच्या विरोधात उभं राहायचं नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना घरी जागा नसते, आवाज असतो, उजेड नसतो. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांच्या फीमुळे वाचनालयाचं वीजबिल भागतं, हेही मला माहीत आहे. त्यातली काही माझ्याच वर्गातून गेलेली आहेत. पण अभ्यासिकेतला विद्यार्थी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतो आणि त्याला सलग शांतता लागते. लहान मुलांना लागतो तो संध्याकाळी ४ ते ६ हा वेळ, आणि एक कोपरा. दुपारनंतर वर्तमानपत्र विभागात मोजकी माणसं असतात. तिथे जमिनीवर एक सतरंजी आणि गुडघ्याइतक्या उंचीचं एक उघडं शेल्फ मावतं. मी जागा मोजून कच्चा आराखडा अर्जासोबत जोडला होता. तो कुणी पाहिला का, हे मला अजून कळलेलं नाही.

‘हे काम शाळेचं आहे, वाचनालयाचं नाही’ असंही मला सांगितलं गेलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टीची पुस्तकं असावीत असं लिहिलेलं आहे. पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. राग आवरायला शिकण्याचं वय त्याच्या आधीचं, आणि त्या वयाच्या मुलाला पुस्तक मिळेल असं बांधील ठिकाण कायद्याने कुठेच नेमून दिलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर धरला. त्यावर आधारलेल्या, याच स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलाला स्वतःच्या भावना समजाव्यात आणि हाताळता याव्यात हे उद्दिष्ट स्पष्ट लिहिलं आहे. कागदावर उद्दिष्ट आहे, बालवाडीत आठ-दहा जुनी पुस्तकं आहेत. या दोन्हींच्या मध्ये आपलं वाचनालय होतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या आणि कष्टकऱ्यांच्या मुलांच्या दारात, अंगणात बालशिक्षण नेऊन ठेवलं. आम्ही तर मुलांना घेऊन आपल्या दाराशी येतो आहोत.

एक गोष्ट मला पालकांसाठीही इथेच लिहायची आहे. पुस्तक सगळ्यावर इलाज नाही. मूल स्वतःचं डोकं सारखं भिंतीवर आपटत असेल, वय वाढूनही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, रोजच इतरांना इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. कमी ऐकू येणारं मूल खूप चिडतं, आणि आपल्याला वाटतं ते हट्टी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. तिथे संकोच न करता सांगा. माझ्या वर्गात एका मुलीला ऐकू कमी येतं हे गोष्ट वाचतानाच लक्षात आलं, ती चित्राऐवजी सतत माझ्या ओठांकडे बघत होती. शनिवारचा तास चालू असताना अशी मुलं नजरेस पडत होती.

मंडळाकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

चित्रपुस्तकांच्या कपाटाचं कुलूप लगेच काढावं. यासाठी ठराव, खर्च, जागा काहीही लागत नाही, किल्ली कार्यालयातच आहे.

तक्रारीवरून बाजूला काढलेली पुस्तकं मंडळाच्या सदस्यांनी स्वतः वाचावीत, आणि ज्या पुस्तकाला आक्षेप कायम राहील त्याचं कारण लेखी द्यावं. बाकीची फळीवर परत यावीत. यापुढे मुलांच्या पुस्तकांची खरेदी आणि तक्रारी, दोन्हींसाठी एक छोटी समिती असावी. तिच्यात किमान एक बालवाडी शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका आणि विडी किंवा यंत्रमाग कामगारांच्या घरातली एक आई असावी.

रोज संध्याकाळी ४ ते ६ मुलांसाठी कोपरा खुला ठेवावा, पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडावीत. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तकाची कड दाखवून काय कळणार?

ग्रंथखरेदीच्या रकमेतला एक ठरावीक हिस्सा सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवावा. तो किती असावा हे सभासदांच्या सभेत ठरू द्या, पण शून्य नको. त्यात तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तकं असावीत.

सहा वर्षांखालच्या मुलांना अनामत माफ करावी. बालवाडी किंवा अंगणवाडीच्या नावाने एकत्र पुस्तकं द्यावीत, हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी आमच्या बालवाडीतर्फे मी लिहून द्यायला तयार आहे.

शनिवारचा गोष्टींचा तास पुन्हा सुरू व्हावा. अभ्यासिकेला त्रास होऊ नये म्हणून तो बाहेरच्या व्हरांड्यात घेऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आत जागा द्यावी, तेव्हा व्हरांड्यात मुलांना बसवता येत नाही. वाचायला आम्ही शिक्षिका पाळीपाळीने येऊ, मानधन नको.

या सगळ्यावर बोलण्यासाठी सभासदांची सभा बोलवावी आणि तारीख फलकावर निदान आठ दिवस आधी लावावी, म्हणजे विड्या पोचवायची वेळ सांभाळून आयांनाही येता येईल. सभा दुपारी तीननंतर ठेवलीत तर जास्त जणी येतील. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना मराठीत बोलायला अवघड वाटतं, तेव्हा तेलुगूतून मराठीत सांगायला कुणीतरी असावं. तशी सोय नसेल तर मी करते.

आपली,
बालवाडी शिक्षिका आणि वाचनालयाची सभासद,
पूर्व भाग, सोलापूर